फादरची शाळा आरटीईच्या यादीत का नसते? पॅरिश, मिशन आणि मायनॉरिटीची गोष्ट

आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या राखीव जागांचे फॉर्म सुटले की आमच्या संभाजीनगरच्या (जुन्या औरंगाबादच्या) सिडकोतल्या गल्लीत दरवर्षी एकच चर्चा. या वेळी शेजारच्या मावशी नातवाचे कागद घेऊन आल्या, आधार कार्ड, भाडेकरार, उत्पन्नाचा दाखला, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत. मोबाइलवर शाळांची यादी काढली तर म्हणल्या, "कामून ओ दादा, ही समोरची फादरची शाळा दिसतच नाही हितं? लेकरू चालत जाईल अशी शाळा सोडून लांबच्या लांब दाखवायलेत." मी म्हणलं, मावशी ती मायनॉरिटी शाळा आहे. त्यावर त्या म्हणल्या, "मायनॉरिटी कशाची? त्यात तर सगळी आपलीच लेकरं हायेत की."

आता याचं उत्तर एका वाक्यात देता येतं, पण ते दिलं की त्यातून अजून चार प्रश्न निघतात. शाळा चर्चची आहे की फादरची? फादर बदलून जातात मग मालक कोण? ख्रिश्चन इतके थोडे, मग शाळा एवढ्या कशा? मी स्वतः लहानपणी मिशनच्या शाळेत होतो आणि खरं सांगतो, दहा वर्षं त्या कंपाउंडमध्ये काढून मला यातलं काहीच माहीत नव्हतं. म्हणून जरा सुरुवातीपासून.

आधी पॅरिश म्हणजे काय ते बघू

आपल्याकडं देऊळ म्हणलं की एक जागा डोळ्यासमोर येते. ट्रस्टी असतात, पुजारी असतो, कुणीही कुठल्याही देवळात जातं, गावात दहा देवळं असली तरी कुणाची हद्द ठरलेली नसते. कॅथलिक, म्हणजे रोमच्या पोपला मानणाऱ्या ख्रिश्चन लोकांचं तसं नसतं. त्यांच्यात पॅरिश असते, शुद्ध मराठीत धर्मग्राम, आणि ती इमारत नसते तर हद्द असते. म्हणजे तलाठ्याचा सज्जा कसा असतो, ही चार गावं या तलाठ्याकडं, पलीकडची तीन त्याच्याकडं, अगदी तसं. त्या हद्दीत राहणारे सगळे कॅथलिक त्या पॅरिशचे, मग ते दर रविवारी येवोत नाहीतर वर्षातून एकदा नाताळला.

सज्जाच्या वर तहसील आणि जिल्हा असतो तसं पॅरिशच्या वर डायसिस, म्हणजे धर्मप्रांत, आणि त्याचा प्रमुख बिशप. तलाठ्याची बदली होते तशी पॅरिशच्या फादरचीही काही वर्षांनी बदली होते, आणि ती बिशपच्या सहीनं होते, गावकऱ्यांच्या मतदानानं नाही. बिशपची नेमणूक मात्र थेट रोमहून, पोपकडून. मराठवाड्याचा कारभार ज्या धर्मप्रांतातून चालतो त्याचं नाव औरंगाबाद धर्मप्रांत, तो १७ डिसेंबर १९७७ ला अमरावती धर्मप्रांतातून वेगळा काढला. अमरावती १९५५ मध्ये नागपूरमधून निघाला होता, आणि नागपूर १८८७ मध्ये विशाखापट्टणममधून. आपल्याकडं परभणीतून हिंगोली निघाला, औरंगाबादेतून जालना निघाला, तसाच हा प्रकार, लोकसंख्या वाढली अंतर जास्त पडायला लागलं की तुकडा पाडायचा.

एक शब्द अजून, कॅथेड्रल. लोकांना वाटतं कॅथेड्रल म्हणजे लई मोठं चर्च. तसं काही नाही, लहानसुद्धा असू शकतं. मूळ शब्दाचा अर्थ खुर्ची. ज्या चर्चमध्ये बिशपची खुर्ची ते कॅथेड्रल, आपण मठाची गादी म्हणतो ना, तेच. आपल्या शहरातलं कॅथेड्रल सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाचं आहे, हे नाव पुढं परत येणार आहे म्हणून लक्षात ठेवा.

आणि हे सगळं फक्त कॅथलिकांचं. आपण चर्च दिसलं की सरसकट "मिशन" म्हणून मोकळे होतो, पण प्रोटेस्टंट लोकांचा कारभार पूर्ण वेगळा असतो, त्यांच्यात पोपचा संबंध नसतो, बऱ्याच ठिकाणी निवडलेल्या कमिट्या कारभार बघतात. जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्यांपैकी काहींनी १९७० मध्ये नागपूरला एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया बनवलं. मालकीचे कोर्टातले वाद, जमिनीचे वाद पेपरात वाचताना हा फरक माहीत नसला की सगळा गोंधळ होतो.

चर्चमधली वही आणि आपला सातबारा

पॅरिशमधली मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट सांगतो, ती म्हणजे वही. प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा (पाणी घालून ख्रिस्ती धर्मात घ्यायचा विधी), लग्न आणि मृत्यू यांची नोंदवही ठेवावीच लागते, हा चर्चच्या कायद्यातला नियम आहे, आणि बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदी सक्तीच्या झाल्या त्या १५६३ मध्ये संपलेल्या ट्रेंटच्या धर्मसभेपासून. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीपासून हा नियम चालू आहे.

पण खरी गंमत पुढं आहे. समजा एका लेकराचा बाप्तिस्मा जालन्यात झाला. पंचवीस वर्षांनी त्याचं लग्न पुण्यात झालं. तर पुण्याच्या फादरनं जालन्याला कळवायचं आणि जालन्याच्या जुन्या वहीत त्या लेकराच्या नावासमोर, समासात, लग्नाची नोंद चढवायची. लग्न न करता फादर झाला असता तर तीही नोंद तिथंच. म्हणजे माणूस कुठंही जाऊ दे, त्याचं मूळ पान एकच. आपल्या सातबाऱ्यावर फेरफार चढतो ना, वारस लागले, बोजा चढला, बोजा उतरला, सगळं त्याच उताऱ्यावर, तसं हे माणसाचं सातबारा. म्हणूनच कॅथलिक लग्नाच्या आधी ताजा बाप्तिस्म्याचा दाखला मागतात. जुना फोटोकॉपी केलेला चालत नाही कारण त्यावर मधले फेरफार दिसत नाहीत, गडी आधीच लग्न झालेला असला तर?

या वहीचा एक कडू परिणामपण आहे, आणि तो मराठवाड्याच्या खेड्यात फार जवळचा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिश्चनांना आणि मुसलमानांना अजून नाही. म्हणजे एकाच वस्तीत, एकाच आडनावाचे दोन चुलतभाऊ, एकाचं कुटुंब बौद्ध आणि एकाचं ख्रिश्चन, एकाला सवलत आहे आणि दुसऱ्याला नाही, विहिरीवरची वागणूक मात्र दोघांच्या आज्ज्यांनी सारखीच सोसलेली. हा प्रश्न तपासायला केंद्रानं २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका बाईंना सुप्रीम कोर्टानं जातीचा दाखला नाकारला, त्यात चर्चमधला बाप्तिस्मा हा मोठा मुद्दा ठरला. म्हणजे जी वही एकाला ओळख देते तीच दुसऱ्याच्या आड येते.

मराठवाड्यात हे सगळं आलं कसं

पहिलं कारण धर्मप्रसार नव्हतं, पहिलं कारण पलटण. मराठवाडा निजामाचा, पण निजामाच्या खर्चानं इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज असायची, हैदराबाद कॉन्टिन्जन्ट, आणि तिची ठाणी होती औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आपलं आंबाजोगाई. छावणी आली की गोरे अधिकारी आले, बँडवाले आले, कारकून आले, त्यांच्यात आयरिश कॅथलिक होते, गोव्याकडचे होते, मद्रासकडचे होते. त्यांना रविवारची प्रार्थना पाहिजे, मेल्यावर पुरायला फादर पाहिजे. आजही जुन्या छावण्यांच्या आसपासची दफनभूमी बघा, थडग्यांवरची नावं वाचा, कोण कुठून येऊन इथं गेला ते कळतं. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडं जाणारी मीटरगेज रेल्वे झाली आणि त्या यादीत रेल्वेवाल्यांची भर पडली.

फादर कुठून आले? इथं ते फ्रान्सिस डी सेल्स परत येतात. हा माणूस १५६७ ते १६२२ मधला, जिनिव्हाचा बिशप, पण जिनिव्हात प्रोटेस्टंटांचं राज्य असल्यामुळं त्यांना शेजारच्या अ‍ॅनसी गावातून कारभार करावा लागला. लोक प्रवचन ऐकायला येईनात म्हणून हा गडी पत्रकं लिहून लोकांच्या दाराखालून सरकवायचा. त्यामुळं १९२३ मध्ये पोपनी त्यांना लेखक-पत्रकारांचा पाठीराखा संत म्हणून जाहीर केलं. म्हणजे आज व्हॉट्सअ‍ॅपवर रोज फॉरवर्ड ढकलणाऱ्यांचे खरे आद्यपुरुष हेच म्हणायला हरकत नाही. तर त्यांच्या नावानं त्याच अ‍ॅनसीत १८३८ मध्ये फादर मर्मिए यांनी एक मंडळ काढलं. त्या मंडळाचे फादर १८४५ मध्ये पाँडिचेरीला उतरले, पुढच्या वर्षी विशाखापट्टणमला पोचले, तिथून नागपूर, आणि नागपूरकडून इकडं खाली. आल्प्सच्या बर्फातली शेतकऱ्यांची पोरं आपल्या बेचाळीस डिग्रीच्या उन्हात बैलगाडीनं फिरली, हे एवढं तरी मानायलाच पाहिजे, बाकी मतभेद बाजूला.

खेड्यांत मात्र त्यांच्या आधी प्रोटेस्टंट आलेले होते. जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती उभी करणारे नारायण शेषाद्री हे जन्मानं ब्राह्मण, १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच साली मिशनऱ्यांच्या घरी राहिला म्हणून केस झाली, कोर्टानं त्याला बापाच्या ताब्यात दिलं, आणि त्याला परत जातीत घ्यायचं का यावर बाळशास्त्री जांभेकरांपासून सगळी मुंबई भांडली. ते एवढं गाजलेलं घराणं, आणि त्यातला थोरला भाऊ पुढं आपल्या जालन्यात येऊन निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून गाव वसवतो. हे शाळेच्या पुस्तकात नाही याचं मला अजून वाईट वाटतं. पण ते कॅथलिक नव्हेत, हे परत सांगतो.

दुष्काळ आणि खेडी

छावणीतले फादर खेड्यात गेले ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. हा काळ कसला होता ते आठवा, १८७६ ते ७८ चा दुष्काळ, मग १८९६ चा, मग लगेच १८९९-१९०० चा, ज्याला जुनी माणसं छप्पनचा म्हणायची. गोदाकाठच्या गंगापूर, वैजापूर, पैठणच्या पट्ट्यात महारवाड्यांत आणि मांगवाड्यांत लोक ख्रिस्ती झाले. घोगरगावचं नाव यात सगळ्यात आधी घेतलं जातं, तिथं गुरियन जाकिये नावाच्या फ्रेंच फादरनी आपलं आयुष्य घालवलं.

लोक ख्रिस्ती का झाले यावर दोन्ही बाजूंनी फार सोपी उत्तरं दिली जातात. एक बाजू म्हणते धान्य देऊन बाटवलं. दुसरी म्हणते सत्य कळलं म्हणून आले. मला दोन्ही अर्धवट वाटतात. दुष्काळात धान्याला किंमत असते हे खरंच आहे, आणि फादर धर्म सांगायलाच आले होते, सुट्टी घालवायला नाही, हेही खरं. पण नुसतं धान्यच असतं तर पाऊस पडल्यावर लोक निघून गेले असते. ज्या माणसाला पाटलाच्या वाड्यासमोरून चप्पल काढून जावं लागायचं त्याच्या घरात एक गोरा माणूस येऊन बसतो, त्याच्या हातचं पाणी पितो, त्याच्या वतीनं तहसिलीत अर्ज लिहून देतो, आणि मुख्य म्हणजे त्याच्या पोराला अक्षर शिकवतो. याची किंमत ज्वारीच्या पायलीत मोजता येत नाही.

आणि इथं शाळा येते. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू, सरकारी शाळा थोड्या. मराठी मध्यमवर्गानं आपल्या शाळा स्वतः काढल्या, औरंगाबादची सरस्वती भुवन १९१५ ची, आंबाजोगाईची योगेश्वरी त्यानंतरची. पण महारवाड्यातलं लेकरू तिथपर्यंत पोचणं अवघड होतं. मिशनची पहिली शाळा म्हणजे बऱ्याचदा एक छप्पर, एक मास्तर, तोच मास्तर रविवारी प्रार्थना घ्यायचा, फादर महिन्यातून एकदा घोड्यावरून यायचे. मग बोर्डिंग निघाली, कारण पावसाळ्यात नाले भरले की लेकरं येईनात आणि सुगीत आईबाप शाळेत पाठवीनात. ही शाळा मराठी होती, फुकट होती, आणि ती ख्रिस्ती लोकांसाठीच होती. आज आपण जी बघतो ती शाळा याच्या बरोबर उलटी आहे, आणि सगळी गडबड इथंच आहे.

मग ही इंग्रजी शाळा कुठून आली

१९४८ ला मराठवाडा स्वतंत्र झाला, १९५० ला बाबासाहेबांनी औरंगाबादेत मिलिंद कॉलेज काढलं, १९५८ ला विद्यापीठ आलं. शिक्षणाची वाट आता फक्त मिशनच्या दारातून जात नव्हती. इकडं शहर वाढायला लागलं, चिकलठाणा एमआयडीसी, मग सिडको, मग १९८५ ला वाळूजला बजाज. कंपन्यांसोबत पुण्या-मुंबईकडचे, केरळकडचे, गोव्याकडचे इंजिनिअर आणि सुपरवायझर आले, त्यांच्यात थोडे कॅथलिक. उपनगरात नवी पॅरिश पाडायला तेवढे पुरेत, पण शाळा भरायला पुरत नाहीत.

शाळा भरली ती तुमच्याआमच्या घरातल्या लेकरांनी. कारण त्याच काळात आपल्याला इंग्रजी मीडियमचं वेड लागलं. बँकेतला साहेब, एसटीतला कंट्रोलर, मोंढ्यातला अडत्या, सगळ्यांना आपलं पोरगं टाय लावून "गुड मॉर्निंग सिस्टर" म्हणताना बघायचं होतं. सिस्टर लोक शिस्तीच्या, रंगरंगोटी नीट, शिक्षक वेळेवर. चर्च लहान आणि शाळा मोठी असं उलटं चित्र झालं. रविवारी चर्चमध्ये पन्नास माणसं आणि सोमवारी शाळेच्या गेटवर हजार लेकरं आणि दोनशे रिक्षा.

अमेरिकेत याच्या उलटं झालं बरं का. तिथं १८८४ मध्ये बिशपांनी ठरवलं की प्रत्येक पॅरिशला शाळा पाहिजेच, कॅथलिक पैसे टाकायचे, कॅथलिक लेकरं शिकायची, सिस्टर जवळपास फुकट शिकवायच्या. १९६० च्या दशकात तिथल्या कॅथलिक शाळांत पन्नास लाखांवर विद्यार्थी होते. नंतर सिस्टर होणाऱ्या मुली कमी झाल्या, पगारी शिक्षक ठेवावे लागले, फी वाढली आणि हजारो शाळा बंद पडल्या. त्यांच्याकडं गिऱ्हाईक आपल्याच माणसांचं होतं म्हणून आटलं, आपल्याकडं गिऱ्हाईक सगळ्या गावाचं आहे म्हणून रांग लागते.

शाळेचा मालक कोण

फादर नाही, हे पहिलं उत्तर. फादरचं तिथं काहीच नसतं, बदली झाली की बॅग उचलून जातात.

एका कंपाउंडमध्ये चर्च, शाळा आणि सिस्टरांचं घर असं तिन्ही दिसतं, पण एकाच वाड्यात तीन भाऊ राहतात आणि तिघांची लाइटची मीटर वेगळी असतात तसं समजा. चर्च पॅरिशचं. शाळा बऱ्याचदा डायसिसच्या शिक्षणसंस्थेची किंवा सिस्टरांच्या मंडळाच्या संस्थेची, आणि ती संस्था आपल्या बाकीच्या संस्थांसारखीच १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली, धर्मादाय आयुक्तांकडं हिशोब देणारी. आपल्याकडं कसं, देवस्थान वेगळं आणि देवस्थानच्या नावानं काढलेलं कॉलेज वेगळं, दोघांचे ऑडिट वेगळे. म्हणून शाळेबद्दल तक्रार असली तर चर्चच्या फादरकडं जाऊन उपयोग नसतो, संस्थेच्या सेक्रेटरीकडं आणि शिक्षणाधिकाऱ्याकडं जावं लागतं. आमच्या ओळखीतल्या एकांनी फीच्या भांडणात दोन महिने चुकीच्या दारात चकरा मारल्या.

मायनॉरिटी म्हणजे लेकरांची नाही, चालवणाऱ्याची

आता मावशींच्या प्रश्नावर येऊ. राज्यघटनेचं ३० वं कलम सांगतं की धर्मानं किंवा भाषेनं अल्पसंख्य असलेल्यांना आपल्या पसंतीच्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क आहे. कोण शिकतं ते नाही, कोणी काढली आणि कोण चालवतं ते बघतात. खानावळ मारवाड्याची आहे म्हणजे जेवणारे सगळे मारवाडी नसतात, तेवढंच.

"किंवा भाषेनं" हे दोन शब्द आपण नेहमी विसरतो. २००२ च्या टी. एम. ए. पै केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या अकरा न्यायाधीशांनी सांगितलं की अल्पसंख्य कोण हे राज्य बघून ठरवायचं. म्हणजे बेळगावात मराठी माणूस अल्पसंख्य, आणि तिथली मराठी शाळा याच ३० व्या कलमाचा आधार घेऊ शकते. कलम रद्द करा म्हणणाऱ्यांनी आधी बेळगावला फोन लावावा. आणि आपल्याच मराठवाड्यात संभाजीनगरचं मौलाना आझाद कॉलेज आहे, नांदेडला शीख संस्थांच्या शाळा आहेत, सगळ्या याच छत्रीखाली.

मग आरटीई. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात खाजगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गात २५ टक्के जागा गरीब आणि वंचित घरांतल्या लेकरांना द्यायच्या. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, विनाअनुदानित अल्पसंख्य शाळांना हे लागू नाही. मे २०१४ मध्ये प्रमती केसमध्ये पाच न्यायाधीश त्याच्याही पुढं गेले आणि म्हणाले की अल्पसंख्य शाळांना, अनुदान असो नसो, हा कायदाच लागू नाही. म्हणून फादरची शाळा यादीत नाही. फादरनी नाव काढून घेतलेलं नाही आणि ऑनलाइनवाल्यानं चूकही केलेली नाही.

"पण शाळेत धर्म शिकवतात त्याचं काय?"

हा प्रश्न हमखास येतो. २८ व्या कलमात स्पष्ट आहे की सरकारनं मान्यता दिलेल्या किंवा अनुदान दिलेल्या शाळेत कुठल्याही लेकराला पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. कुणी बसवत असेल तर लेखी नकार द्या, तो तुमचा हक्क आहे. आमच्या वेळी ख्रिस्ती मुलांना बायबलचा तास आणि आम्हाला त्याच वेळी मूल्यशिक्षण, ज्यात सर पेपर तपासायचे आणि आम्ही खिडकीतून मैदान बघायचो.

दुसरं, आकडे बघा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिश्चन ०.९६ टक्के. दीडशे वर्षं शाळा चालवून, लाखो लेकरं शिकवून हा आकडा. २०२१ मध्ये राष्ट्रीय बालहक्क आयोगानं अल्पसंख्य शाळांचा अभ्यास केला, त्यात ख्रिश्चन शाळांतली साधारण ७४ टक्के लेकरं अल्पसंख्य समाजाबाहेरची निघाली. आयोगानं हा आकडा तक्रार म्हणून मांडला होता, की ही सवलत नेमकी कुणाच्या कामी येते? आणि माझ्या मते ही तक्रार दमदार आहे, धर्मांतराच्या आरोपापेक्षा कितीतरी.

कारण खरी अडचण तीच आहे. घोगरगावकडच्या एखाद्या ख्रिस्ती मजुराच्या पोरीला शहरातल्या त्या टायवाल्या शाळेची फी परवडत नाही. ती अजून गावच्या मराठी शाळेत किंवा बोर्डिंगमध्येच शिकते. हक्क तिच्या नावावर मिळालेला, बाकावर बसलेलं पोरगं अडत्याचं. बरेच फादर-सिस्टर हे खासगीत कबूलही करतात आणि काही ठिकाणी शहरातल्या शाळेच्या पैशातून खेड्यातली बोर्डिंग चालतात. पण हे त्या त्या संस्थेच्या मनावर आहे, कायद्यानं नाही.

परदेशी पैशाचं थोडक्यात. परदेशातून देणगी घ्यायची तर केंद्राकडं एफसीआरएची नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या एकाच मुख्य शाखेतल्या खात्यावर यावा लागतो, सरकारला दिसेल असा. शहरातली इंग्रजी शाळा तशीही फीवर चालते, त्यासाठी जर्मनीहून कुणी पैसे पाठवायची गरज नाही, आपणच जूनमध्ये रांगेत उभे राहून देतो.

आता कोर्टात काय चाललंय

१ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायाधीशांसमोर शिक्षकांच्या टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची केस होती, त्यातलं मुख्य प्रकरण आपल्या महाराष्ट्रातूनच गेलेलं. त्यांनी नोकरीतल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी पास व्हा असं सांगितलं, ज्यांच्या रिटायरमेंटला पाच वर्षांपेक्षा कमी राहिलेत त्यांना सोडून, आणि त्यावरून आपल्याकडच्या मास्तर लोकांची झोप उडाली ती वेगळी गोष्ट. पण त्याच निकालात त्यांनी प्रमतीचा निकाल बरोबर होता का याबद्दल शंका काढली. अल्पसंख्य शाळांना सरसकट सगळ्यातून सूट का, २५ टक्के जागा दिल्यानं शाळेचं अल्पसंख्यपण खरंच जातं का, असे प्रश्न काढून त्यांनी मोठ्या खंडपीठाकडं पाठवा म्हणून प्रकरण सरन्यायाधीशांपुढं ठेवलं. दोन न्यायाधीशांना पाच जणांचा निकाल मोडता येत नाही, म्हणून हा मार्ग. वरून निकाल येईपर्यंत जुनंच चालू राहणार, म्हणजे अल्पसंख्य शाळांना आरटीईही नाही आणि तूर्त टीईटीची सक्तीही नाही.

चर्चवाल्यांचं म्हणणं असं की आज २५ टक्के प्रवेश सरकार ठरवणार, उद्या मुख्याध्यापक ठरवणार, मग आमच्या हातात राहिलं काय? भीती अगदीच खोटी नाही, अनुदानित संस्थांनी रोस्टर (आरक्षणाप्रमाणे भरती) आणि समायोजन (जादा ठरलेले शिक्षक दुसऱ्या शाळेत टाकणं) यांचे जे हाल बघितले ते आपल्यालाही माहीत आहेत. दुसऱ्या बाजूला मावशींचा नातू आहे.

एवढं सगळं मी मावशींना सांगितलं, चहाचे दोन कप झाले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग फॉर्म भरायचा का नको ते सांगा." मी म्हणलं भरा, बाकीच्या शाळा टाका, ही शोधत बसू नका. त्या पिशवी आवरताना म्हणल्या, "आन् तुमच्या त्या मोठ्या कोर्टाचं कधी लागंल?" मी म्हणलं माहीत नाही. "तवर हे दहावीला जाईल," म्हणल्या, आणि नातवाला हाक मारून गेल्या.